बांध कोणाचा, खाडी कोणाची



ज्या दिवंगत सज्जनांच्या स्मरणार्थ ही स्मृतिव्याख्यानमाला दरसाल गुंफली जाते, त्यांच्या नावाला साजेसा विषय घ्यावा, एवढीच सूचना चालकांनी मला केली होती. समुद्रकिनाऱ्याविषयी, खाड्यांविषयी, तिवरांच्या बनांविषयी, आणि त्या बनांच्या कडेने पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या कोळी, आगरी, गाबीत आणि कातकरी लोकांविषयी मी बोलणार असे कळविताच त्यांनी मोठ्या सौजन्याने होकार दिला. तरीपण जालन्याच्या श्रोत्यांना समुद्राचे काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात उभा राहिला असेल, तर त्यात वावगे काहीच नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर या गावाच्या नदीजवळच आहे. आसफजाहाच्या हुकुमावरून काबिलखानाने १७२५ साली येथे गढी बांधिली, तेव्हाही कुंडलिका याच गावातून वाहत होती. ती पुढे दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी आंध्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते, तेथे कोरिंगाचे विस्तीर्ण तिवरवन उभे आहे. तुमच्या शिवारातली काळी माती वाहत वाहत त्या वनाच्या मुळाशी जाऊन बसत असे. बसत असे, असे मी म्हणतो, याला कारण आहे. १९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ समुद्राकडे नेत होती. १९९० च्या दशकात तो ६ कोटी टनांच्याही खाली आला, कारण मधल्या काळात धरणे झाली आणि गाळ धरणांत अडला. त्रिभुज प्रदेशाचा काठ तेव्हापासून झिजतो आहे. धरणे नकोत, असे मराठवाड्यात उभे राहून म्हणण्याइतका मी अविचारी नाही. समुद्राचे आणि जालन्याचे नाते आहे, एवढेच सांगावयाचे होते. शिवाय ज्या जालनेकरांनी घाणेवाडीच्या तलावातला गाळ लोकवर्गणीने काढला, त्यांना मी जे सांगणार आहे त्याचे मर्म कोणाही शहरवासीयापेक्षा लवकर कळेल, असा मला भरवसा आहे.

माझे म्हणणे मी आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे विवेचन ऐकताना ते आपल्याला ताडून पाहता येईल. बिघडलेला किनारा पुन्हा सावरावयाचा, तर किनाऱ्यावरच्या लोकांचा ‘सहभाग’ घेऊन भागत नाही. त्यांचा सामुदायिक हक्क मान्य करावा लागतो, आणि त्या हक्काच्या जोडीने बांधाची, बनाची, खाडीची राखण त्यांच्या अंगावर टाकावी लागते. हक्क आणि राखण यांची फारकत झाली की किनारा बिघडतो. आपल्या कोकणात आणि गोव्यात हे घडून गेलेले आहे.

प्रथम अलिबाग आणि पेण तालुक्यांतला, धरमतर खाडीच्या काठचा खारेपाट डोळ्यांपुढे आणा. कोकणात खारभूमी म्हणून गणलेली जमीन सुमारे ६५ हजार हेक्टर आहे, आणि खारेपाट हा तिच्यातला नामांकित मुलूख. ही जमीन भरतीच्या पातळीहून खाली. समुद्राने यावयाचे ठरविले तर दिवसातून दोनदा तो शेतात येईल. त्याला बाहेर ठेवणारा जो मातीचा बांध, त्याला बाहेरकाठा म्हणतात. ओहोटीला चिखलाची ढेकळे कापून, हातोहात पोचवून, एकावर एक दाबून तो घातलेला असतो, आणि खाडीच्या अंगाला दगडांचे अस्तर असते. त्या अस्तराच्याही पुढे, पाण्यात, शेतकरी तिवरांची एक रांग मुद्दाम राखून ठेवी, म्हणजे लाटेचा पहिला मारा झाडांनी सोसावा आणि बांधाला उसंत मिळावी. बांधात ठिकठिकाणी उघाड्या. पावसाळ्यात शेतात गोडे पाणी साचले की ओहोटीच्या वेळी ते उघाडीची झडप आतून ढकलून बाहेर पडते. भरती चढू लागली की तेच खाडीचे पाणी झडपेला बाहेरून रेटते आणि ती आपोआप मिटते. माणसाने हात न लावता समुद्र स्वतःच स्वतःला दार बंद करून घेतो! मी अशा एका उघाडीवर भरती चढताना उभा होतो. झडप मिटली तेव्हा तिच्या फटीतून जी बारीक धार आत येत होती, तिच्यावर जवळच्या म्हाताऱ्या आगरी शेतकऱ्याने ओल्या मातीचा एक गोळा असा सहज थापला, की जणू घरातल्या चुलीलाच पोतेरे करीत आहे.

पहिल्या पावसाने जमिनीतला खार धुऊन जातो, उघाडीवाटे बाहेर पडतो, आणि मग काळा रता, भुरा रता अशा खार सोसणाऱ्या भाताच्या जाती तेथे उभ्या राहतात. घराशेजारच्या तळ्यात जिताडा वाढतो. ओहोळात कोळंबी, चिखलात चिंबोरी, बाहेर तिवर. शेत, मासा आणि बन यांचा असा एकत्र संसार कोणा विद्यापीठाने आखून दिलेला नव्हता.

आता विचारावयाचे ते हे, की हा मैलोन्‌मैल लांबीचा बांध शाबूत कोण ठेवीत होते? सरकार नव्हे. जुन्या अमलात खारजमीन उठविणाऱ्याला कौल मिळे; आरंभीची काही वर्षे सारा माफ किंवा नाममात्र, आणि पुढे जमीन सुधारत जाईल तसतसा चढता, अशी इस्ताव्याची रीत होती. कुलाबा प्रांती शिलोत्री नावाचा जमीनधारा होता. ज्याने बांध घातला तो शिलोत्रदार, आणि सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे एक मण भात तो घेई, ते बांधाच्या दुरुस्तीसाठी. आणि त्याहीपेक्षा माझ्या मते मोलाची अशी जोळ नावाची व्यवस्था होती: एका बांधाखाली ज्यांची ज्यांची शेते, त्या सर्वांनी मिळून बांध राखावयाचा, माणशी काम ठरलेले, हजेरी ठरलेली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडले, की रात्र असो की पाऊस असो, गाव बांधावर. कारण सगळ्यांना ठाऊक की आज न बुजविलेली खांड उद्याच्या भरतीला दुप्पट होणार.

हे चित्र रंगवून सुवर्णयुगाची कथा सांगण्याचा माझा मानस नाही. हाच खारेपाट खोतीच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारीच्या, जाचाने पिळून निघालेला होता. बांधासाठी राबणाऱ्या कुळाच्या घरात भात उरत नव्हते, म्हणूनच १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली चरी आणि आसपासच्या गावांतल्या आगरी-कोळी कुळांनी संप पुकारला, आणि तो १९३९ पर्यंत टिकविला. सहा वर्षे शेत न कसता शेतकरी कसा जगला असेल, याची कल्पना मराठवाड्यातल्या माणसाला मी काय द्यावी? त्याच काळात, १९३७ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. कूळकायद्याची वाट या लढ्यांनी मोकळी केली. तेव्हा जुन्या व्यवस्थेतून घ्यावयाचे काय आणि टाकावयाचे काय, हे चरीच्या कुळांनी स्वतःच ठरवून दिलेले आहे: खोत टाकावयाचा, जोळ ठेवावयाची.

पण झाले उलटे. खोत गेला हे उत्तमच झाले. त्याबरोबर जोळही ढिली पडली. १९४८ च्या खारजमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या खारजमीन विकास कायद्याने बांधांची तजवीज शासनाकडे गेली. हेतू शुद्ध होता, पैसाही खर्च झाला, अनेक ठिकाणी चांगले बांध उभे राहिले. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने भाताच्या नव्या जाती दिल्या. परंतु बांध सरकारचा झाला आणि शेत तेवढे शेतकऱ्याचे राहिले. खांड आता कोणी बुजवावयाची? अर्ज करावयाचा, पाहणी व्हावयाची, अंदाजपत्रक निघावयाचे, मंजुरी मिळावयाची, निविदा निघावयाची. आणि समुद्र तर पंधरा दिवसांनी पुन्हा उधाण घेऊन हजर! दप्तराचे पंचांग निराळे, समुद्राचे पंचांग निराळे. त्यातच तरुण माणसे कारखान्यांत आणि मुंबईला गेली, खाडीतून मोठमोठ्या बार्ज चालू लागल्या, त्यांच्या लाटा बांधाला लागू लागल्या. खाऱ्या पाण्याखाली शेते गेली ती गेली.

आणि मग एक गोष्ट घडली, ती नीट ध्यानात घ्यावी अशी माझी विनंती आहे. पडीक शेतात भरतीबरोबर तिवराची बीजे आली, रुजली, आणि काही वर्षांत जेथे भात डोलत होते तेथे कांदळवन उभे राहिले. दूरवरून पाहणाऱ्याला वाटावे, निसर्ग परतला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुढे २०१८ च्या सप्टेंबरात तिवरतोडीविरुद्ध जे कडक निर्णय दिले, ते मुंबईच्या खाड्या भरावाखाली गाडल्या जात असताना अत्यंत आवश्यक होते, आणि ते देणाऱ्या न्यायमूर्तींचे आणि त्यासाठी झगडणाऱ्या पर्यावरणवाद्यांचे ऋण महाराष्ट्राने विसरू नये. पण खारेपाटातल्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहा: सातबारा त्याच्या नावाचा, जमीन त्याच्या आजाने खाडीतून उठविलेली, आणि आता तिच्यावरच्या झाडाला हात लावला तर तो गुन्हेगार. २०१७ साली महाराष्ट्राचे कांदळवन ३०४ चौरस किलोमीटर होते, २०२१ च्या अहवालात ते ३२४ झाले. या वाढीचा मला आनंद आहे. या हिरव्या रंगात एखाद्या आगरी कुटुंबाचे बुडालेले शेतही मिसळलेले असेल, हा विचार त्या आनंदात मला स्वस्थ बसू देत नाही. जे झाड बांधाबाहेर रक्षक होते तेच बांधाच्या आत परचक्र वाटू लागावे, आणि ज्या समाजाने ते पिढ्यान्‌पिढ्या राखले त्यालाच त्याचा वैरी ठरवावे, याहून मोठी हानी कोणती?

झाड चांगले की वाईट, हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर तिवर नव्हतेच. १९०२ साली ते मोलोकाई बेटावर बाहेरून आणून लाविले, आणि ते पसरत पसरत तेथल्या मूळ रहिवाशांनी शतकांपूर्वी दगडी भिंती घालून बांधलेल्या मत्स्यतलावांच्या भिंती फोडू लागले. ओआहू बेटावर हेएइया येथे तेथले लोक आज ती तिवरे काढून भिंत पुन्हा चिरेबंद करीत आहेत. त्या भिंतीतही आपल्या उघाडीसारखी दारे आहेत, त्यांतून लहान मासा आत येतो आणि मोठा झाला की बाहेर जाऊ शकत नाही. म्हणजे एका किनाऱ्यावर तिवर लावणे हा जीर्णोद्धार, दुसऱ्या किनाऱ्यावर तिवर काढणे हा जीर्णोद्धार. कोठे काय, हे सांगणार कोण? जो त्या भरतीओहोटीत वाढला तो.

आता जेथे हे काम साधले, अशा स्थळांकडे वळू. तमिळनाडूत चिदंबरमजवळ पिचावरम येथे तिवरांचे बन आहे. वसाहतकाळापासून तेथे पट्टे पाडून सरसकट तोड चालत असे. झाडे गेल्यावर उघडी पडलेली जमीन सुकून खचली, तिला बशीसारखा खोलगटपणा आला, भरतीचे पाणी आत येई पण बाहेर जाईना, उन्हाने ते आटे आणि खार साचे. तेथे बीज रुजणार कसे? १९९० च्या दशकात स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने वनखात्याच्या आणि गावांच्या साहाय्याने माशाच्या काट्यासारखे पाट खणून पाणी खेळते केले, आणि बन परत आले. हे झाले तंत्र. त्या बनात हातांनी चाचपून मासे धरणारे इरुळर नावाचे आदिवासी होते. ते इतके उपेक्षित, की ते अनुसूचित जमातीचे आहेत याचा दाखलाही त्यांच्यापाशी नव्हता. या कामाबरोबर त्यांच्या दाखल्यांचा, शाळेचा, जाळ्यांचा प्रश्नही हाती घेतला गेला, गावपंचायत आणि वनखाते यांनी मिळून बन सांभाळण्याची घडी बसविली गेली. २६ डिसेंबर २००४ ला सुनामी आली तेव्हा या बनाच्या आडोशाची वस्ती पुष्कळशी वाचली. पाट खणले म्हणून बन आले, हे खरे. पण पाट दरसाल गाळाने भरतात, आणि ते पुन्हा उपसणारे हात तेथे होते म्हणून बन टिकले.

आपल्या महाराष्ट्रात २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, २०१७ पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका योजना सुरू झाली; गावोगाव सहव्यवस्थापन समित्या झाल्या, खेकडे, कालवे, पिंजऱ्यातला जिताडा असे उद्योग लोकांना मिळाले. २०२० साली पांढरी चिपी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. असा मान तिवराला देणारे आपले राज्य देशात पहिले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या स्त्रिया २०१७ पासून पर्यटकांना होडीत बसवून कांदळवन दाखवितात. मच्छीमार घरांतल्या या स्त्रिया. वल्हे त्या स्वतः मारतात, आणि हा कांदळ, ही चिपी, ही काजळा, मुळे अशी वर का काढली आहेत, मासा पिले येथेच का घालतो, हे त्या स्वतःच सांगतात. खाडीचे ज्ञान तेथे ज्यांचे होते त्यांच्याच तोंडून बाहेर पडते आणि त्याचा मोबदला त्यांच्याच पदरात पडतो. वेळासचे सागरी कासव तुम्हा सर्वांना ठाऊक असेल. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तेथे काम आरंभिले, आणि पूर्वी जेथे अंडी उकरून नेली जात तेथे गावकरीच त्यांचे पहारेकरी झाले.

ही कामे थोर आहेत. तरीही एक प्रश्न विचारल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. समितीत ठराव कोणाच्या मर्जीने होतो? कोठे लावावयाचे, कोठे लावावयाचे नाही, कोठली उघाडी आधी दुरुस्त करावयाची, हे कोण ठरवितो? योजना संपली की समिती उरते का? मजुरी मिळणे म्हणजे भागीदारी नव्हे. आपल्याच खाडीत रोजंदारीवर रोपे लावणारा कोळी हा अद्याप भागीदार झालेला नाही.

वरळी कोळीवाड्याचे उदाहरण घ्या. सागरी किनारी रस्त्याच्या पुलाखालून होड्या जावयाच्या, त्यासाठी दोन खांबांतले अंतर ६० मीटर ठरले होते. हे अंतर पुरणार नाही, खडकाळ मुखातून वारा-लाटांत होडी निभणार नाही, असे कोळ्यांनी सांगितले, आंदोलन केले, काम अडविले. अखेर २०२२ साली १२० मीटरचे मागणे मान्य झाले. जे पहिल्या दिवशी विचारता आले असते त्याला इतकी वर्षे आणि इतका संघर्ष का लागावा? कारण होडीच्या वाटेवरची वहिवाट कोठल्याच दप्तरात नोंदलेली नाही. शेताच्या बांधावरून जाण्यायेण्याची वहिवाट तहसीलदार मानतो. समुद्रातल्या वाटेची वहिवाट मानण्यास आपल्याकडे कोणी अधिकारीच नाही.

यावर विचारी माणसाचा एक आक्षेप येतो: हक्क दिला, आणि लोकांनी तो विकून टाकला तर? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन, म्हणजे तिकडची खारजमीन, आहे. तिचे बांध आणि मानशी, म्हणजे तिकडच्या उघाड्या, गावकऱ्यांच्या गावकारी नावाच्या संस्था शतकानुशतके राखीत आल्या. मानशीवर मासे धरण्याचा लिलाव होई आणि तो पैसा गावाच्या कामी येई. मुक्तीनंतर १९६४ च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले, ते न्याय्यच होते; पण गावकारीची सत्ता गेली आणि तिच्या जागी आलेल्या कूळसंघांना ती शिस्त पुष्कळ ठिकाणी पेलली नाही. मासळीला भाव आला, तशी काही ठिकाणी खुद्द मानशीच उघड्या ठेवून खारे पाणी शेतात घेतले गेले. कोरगुट भात पिकविणारी शेते अशा रीतीने बुडाली. म्हणजे हक्क मिळाला, पण तो एकेकट्याला मिळाला. राखण सर्वांची होती, ती कोणाचीच उरली नाही. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा सामुदायिक हा शब्द उच्चारीत आहे.

असा सामुदायिक हक्क देण्याची सोय आपल्या कायद्यात नाही काय? आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिवरांची बने आता राखीव वने म्हणून घोषित होत आहेत. मग तेथे हा कायदा का पोचू नये? अडचण अशी की कोळी, आगरी, गाबीत हे किनाऱ्यावरचे समाज बहुतांशी अनुसूचित जमातींत मोडत नाहीत, आणि इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची, वहिवाट शाबीत करावी लागते. खाडीतल्या वहिवाटीचा कागद कोठून आणावयाचा? कोळ्याच्या जाळ्याला सातबारा नसतो. तेव्हा जुनी महसुली दप्तरे, शिलोत्रीच्या नोंदी, जोळीच्या याद्या, मासळीच्या लिलावांची कीर्दे, जे जे उरले असेल ते शासनाने स्वतः हुडकून पुराव्यात धरले पाहिजे. आणि जेथे कागद नाही तेथे वडीलधाऱ्यांची साक्ष, जी त्या कायद्याच्या नियमांना मान्यच आहे, ती मोकळ्या मनाने ऐकली पाहिजे.

शेवटचा मुद्दा, आणि मला तो सर्वांत निकडीचा वाटतो. खारेपाटात, पेणमध्ये, रोह्याकडे कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. केंद्र शासनाने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती अतिशय दुर्बल म्हणून निराळ्या गणल्या, कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी, त्यांतली ही एक. बांधाच्या कामाला चिखल वाहणारा कातकरी, ओहोटीला चिंबोऱ्यांची बिळे ओळखणारी कातकरीण, आणि बांध फुटला तर सर्वांआधी जिची चूल बंद पडते ती कातकऱ्याची झोपडी. पण जमीनधारकांची समिती करावयाची म्हटली की या माणसाचे नाव कोठेच येत नाही, कारण त्याच्या नावावर जमीनच नाही. पूर्वी खोताच्या वहीत त्याचे नाव नव्हते, आज समितीच्या वहीत नाही. म्हणून बांध आणि बन राखणाऱ्यांची यादी सातबाऱ्यावरून उतरवून घेऊ नये. बांधावर कोण राबतो, खाडीत कोण उतरतो, हे ग्रामसभेत नावे वाचून ठरवावे, त्या सभेला वाडीवरच्या स्त्रियांना मुद्दाम बोलावणे धाडावे, आणि ज्या यादीत कातकरी वाडीचे एकही नाव नसेल ती यादी प्रांताधिकाऱ्याने मंजूर न करता गावाकडे परत पाठवावी.